जुन्या माणसांचे बोल जपून ठेवू या

(श्री भैरवनाथ मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यानिमित्त ग्रामसभेपुढे केलेले भाषण)



काल सकाळी आपल्या भैरवनाथाच्या शिखरावर कळस चढला. तो क्षण डोळ्यांनी पाहण्याचे भाग्य आपणा सर्वांना लाभले. ज्यांनी पैसा दिला, ज्यांनी धान्य दिले, ज्यांनी अंगमेहनत दिली, त्या सर्वांचे समितीने आभार मानलेच आहेत. मी त्याची पुनरुक्ती करीत नाही.

मी वक्ता नव्हे. तहसील कचेरीतला एक साधा कारकून. शिक्षण एस.एस.सी.पर्यंत. वडील नोकरीत असतानाच वारले, त्यांच्या जागी मी शिपाई म्हणून लागलो आणि पुढे कारकून झालो. मला सवय आहे ती नोंदी करण्याची, जुनी दप्तरे काढण्याची आणि नकला देण्याची. समितीने 'गावाचा इतिहास' या विषयावर बोलण्यास सांगितले तेव्हा मी प्रथम नकारच दिला. मग विचार केला की, आयुष्याची वीसेक वर्षे ज्या कागदांत घालविली त्या कागदांत काय असते आणि काय नसते, एवढे तरी आपल्याला सांगता येईल. तेवढेच सांगणार आहे.

२०२३ सालच्या हिवाळ्यात राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. त्या दिवसांत आमच्या अभिलेख कक्षापुढे सकाळपासून माणसांची रांग लागत असे. जुन्या नोंदी मोडीत. मोडी वाचणारी माणसे थोडी. आम्ही कपाटांवरची धूळ झाडून रुमाल सोडत होतो. आलेल्या गृहस्थाला मी पहिला प्रश्न विचारी, "आजोबांचे नाव?" ते तो सांगे. "पणजोबांचे?" येथे बहुतेक जण थांबत. खिशातून फोन काढून घरी विचारीत. घरच्यांनाही माहीत नसे. मग शेवटी कोणीतरी म्हणे, "आमच्या चुलत आज्जीला ठावं होतं, पर ती गेली औंदा." मंडळी, हे वाक्य मी त्या दोन-तीन महिन्यांत इतक्या वेळा ऐकले की रात्री घरी गेल्यावरही ते कानांत घुमत असे. कागद होता, पण कागदापर्यंत जाण्याची वाट ज्यांच्या तोंडी होती ती माणसे गेली होती.

आता कागदाविषयी दोन शब्द. सात-बारा, फेरफार, जन्ममृत्यूची नोंद ही मोठी मोलाची दौलत आहे. ती मी कमी लेखत नाही, माझी भाकरी त्यावर आहे. पण कागद कोणाची नोंद घेतो? ज्याच्याकडे जमीन त्याची. ज्याने कर भरला त्याची. ज्याने तक्रार केली त्याची. आपल्या देवाची जमीन देवस्थान इनाम वर्ग ३ म्हणून लागलेली आहे, ती कोणत्या गटात आणि तिचा आकार किती, हे मी पाच मिनिटांत काढून देईन. पण त्या जमिनीत विहीर कोणी खणली, पहिले पाणी लागले तेव्हा कोणाला आनंदाने रडू आले, हे कोणत्याही गाव नमुन्यात नाही. १९५८ साली कायदा होऊन कनिष्ठ ग्राम वतने रद्द झाली. आमच्याकडे त्याची एका ओळीची नोंद सापडते. त्या एका ओळीमागे पिढ्यान् पिढ्या रात्री-बेरात्री सांगावा घेऊन धावलेली माणसे आहेत, आणि त्यांचे धावणे त्या ओळीत नाही. बायकांची गोष्ट तर बोलावयासच नको. शंभर वर्षांची दप्तरे चाळा, वारस म्हणून विधवेचे नाव लागले तर लागले. एरवी निम्मे गाव कागदावर जवळजवळ नाहीच.

आपल्या पूर्वजांना ही उणीव कळत होती. म्हणून त्यांनी कागदाशेजारी तोंडाचीही व्यवस्था ठेवली होती. आपल्याकडे बैल घेऊन हेळवी येत असे, ते आज साठी ओलांडलेल्यांना आठवत असेल. तो ओसरीवर बसे आणि घराण्याची पिढीवार नावे सांगे. मूळ गाव कोणते, कोण कोठून आले, कोणाची भावकी कोणत्या गावी गेली, सारे त्याला माहीत असे. त्याला धान्य, कापड द्यायचे आणि आपले नाव पुढे चालवून घ्यायचे. घरात बायकांची व्यवस्था म्हणजे जाते. पहाटे जात्यावर बसलेली बाई माहेर, सासर, भाऊ, देव, दुष्काळ, सारे ओवीत घालीत असे आणि शेजारी झोपलेल्या पोरीच्या कानी ते आपोआप पडत असे. गावात पिठाची गिरणी आली, बायकांचे कष्ट वाचले, हे चांगलेच झाले. कोणत्याही बाईला पुन्हा जात्यावर बसविण्याची माझी इच्छा नाही. पण गिरणीने पीठ दिले, ओवी दिली नाही.

येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. माझ्या स्वतःच्या आजीला भैरवनाथाच्या कितीतरी ओव्या येत होत्या. देवाच्या लग्नाच्या, पालखीच्या, दुष्काळात देवाशी भांडण्याच्याही. मी लहानपणी त्या ऐकल्या आणि विसरलो. पुढे माझ्या हाती आवाज धरून ठेवणारा फोन आला. त्यावर मी लग्ने टिपली, बैलगाडा शर्यती टिपल्या, साहेबांची भाषणे टिपली. आजी म्हणे, "माझं गाणं घी की त्यात." मी म्हणे, "या रविवारी घेऊ." कचेरीत मार्चअखेर होती, मग निवडणूक आली, मग पंचनामे आले. असे रविवार गेले आणि एका पावसाळ्यात आजी गेली. तेराव्यानंतर मी फोन धुंडाळला. एका लग्नाच्या चित्रफितीत मागून तिचा आवाज आला आहे. "जेवलास का रं?" एवढेच तीन शब्द. ते मी जपून ठेवले आहेत. पण त्या साऱ्या ओव्या आता कोणत्याही दप्तरात नाहीत आणि कितीही फी भरली तरी त्यांची नक्कल मिळणार नाही.

त्यानंतर मी ठरविले की हा गुन्हा पुन्हा घडू द्यायचा नाही. जीर्णोद्धाराचे काम सुरू झाले, त्याच सुमारास सुटीच्या दिवशी मी गावातल्या वृद्ध माणसांकडे जाऊन बसू लागलो. माझ्याबरोबर आपल्या शाळेतली दोन मुले असत. आजपर्यंत अकरा जणांचे बोलणे टिपून झाले आहे. त्यांतून काय हाती आले ते आता सांगतो.

जुन्या माणसांना सन सांगता येत नाही, असे आपण म्हणतो. ते खरे नाही. त्यांचे पंचांग निराळे असते. कोणी म्हणतो, "माझा बाप मानमोडीच्या साथीत झाला," म्हणजे १९१८. कोणी म्हणते, "भूकंपाच्या साली माझं लगीन झालं," म्हणजे कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७ ची ती पहाट. आणि सगळ्यांच्या तोंडी एक साल हमखास येते, ते म्हणजे बहात्तरचा दुष्काळ. आमच्यासारख्यांचा तेव्हा जन्मही नव्हता. आम्ही तो 'तीव्र टंचाई' या शब्दांत वाचला. टंचाई म्हणजे काय, ते मला पंचाहत्तरी पार केलेल्या एका आजींनी सांगितले. त्या तेव्हा नवी नवरी होत्या. दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. तळहाताला चिंध्या बांधून घण धरत. परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोची भाकरी कशी तुटता तुटत नसे, सुकडी मिळाली की ती स्वतः न खाता पदरात बांधून पोरांसाठी कशी आणत, तेही त्यांनी सांगितले. त्यांच्या वर्णनात एकही मोठा शब्द नव्हता. मुले मात्र ऐकताना चिडीचूप झाली होती.

याच आजींकडून मला आपल्या जुन्या सभामंडपाची हकीकत कळली. त्या मंडपावर सन १९७३ ची पाटी होती आणि पाटीवर पाच देणगीदारांची नावे होती, ती आपण सर्वांनी वाचली आहेत. ते देणगीदार थोरच. पण आजी म्हणाल्या, "दिवसा सरकारची खडी, रातीला देवाचा दगूड." दिवसभर कामावर खडी फोडून आलेली माणसे चांदण्या रात्री टेकडीवरून मंडपाचे दगड वाहून आणीत. बायकांची रांग असे. हातोहात दगड खाली येत. मजुरी नव्हती. मी विचारले, "पोटात अन्न नसताना?" त्या म्हणाल्या, "आरं, पाऊस पडावा म्हणून तर करत हुतो." त्या रांगेतल्या सोळा बायकांची नावे त्यांनी सांगितली. माहेरच्या नावासकट. त्यांतल्या आज दोघी हयात आहेत आणि त्या समोर बसल्या आहेत.

आता कोणी म्हणेल, तोंडच्या गोष्टीवर विश्वास कसा ठेवायचा? प्रश्न रास्त आहे. कचेरीतल्या माणसाला तर तो पहिला सुचतो. आपल्याच गावचे एक अण्णा मला ठामपणे म्हणाले की मंडपाचे काम दुष्काळाच्या आधीचे आहे, त्यांनी स्वतः पाया खणला होता. आजी म्हणतात दुष्काळातले. दोघांनीही देवाची शपथ घेतली. मग समितीच्या जुन्या पेटीतली कीर्द काढली. तिच्यात पायाचा खर्च दुष्काळापूर्वी पडलेला आहे, नंतर पैसे संपून काम थांबलेले दिसते आणि १९७३ साली पुन्हा खर्च सुरू होतो. म्हणजे अण्णाही खरे आणि आजीही खऱ्या. प्रत्येकाने आपण पाहिले तेवढे सांगितले. कागदाने दोघांचा मेळ घातला, आणि कागदात 'हमाली' असाही शब्द नव्हता तेथे आजींनी सोळा नावे घातली. कागद आणि तोंड ही एकमेकांची वैरी नव्हेत. दोन साक्षीदार आहेत. दोघांनाही विचारावे लागते.

मंडळी, आता जी गोष्ट सांगणार आहे ती सांगावी की नाही, यावर समितीत बरीच चर्चा झाली. अध्यक्षांनी परवानगी दिली, त्याबद्दल त्यांचे आभार.

काम सुरू असताना पायऱ्यांच्या डाव्या अंगाला एक चपटा काळा दगड निघाला. वर्षानुवर्षे मातीत रुतलेला. गवंड्याने विचारले, फोडून भरावात घालू का? कोणालाच काही माहीत नव्हते. मी पलीकडच्या वस्तीतल्या आबांच्या मुलाखतीला गेलो होतो, त्यांना सहज विचारले. आबा ब्याऐंशी वर्षांचे. तोपर्यंत ते मला 'भाऊसाहेब' म्हणत होते आणि जपून बोलत होते. दगडाचे नाव काढताच गप्प झाले. मग म्हणाले, "लेका, ह्यो दगूड म्हंजी आमची हद्द." लहानपणी जत्रेला ते वडिलांचे बोट धरून येत. त्या दगडापाशी थांबायचे. नारळ दगडावर ठेवायचा आणि मागे सरायचे. मग गुरव येऊन तो आत नेई. देव तेथून दिसत नसे, दिव्याचा उजेड तेवढा दिसे. मुंबई राज्यात मंदिरप्रवेशाचा कायदा १९४७ सालीच झाला होता. त्याच वर्षी सानेगुरुजींनी पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरासाठी उपोषण केले होते. पंढरपूर आपल्यापासून लांब नाही. पण आपल्या गावातला तो दगड त्यानंतरही कित्येक वर्षे हलला नाही.

कचेरीत मी रोज हद्दीच्या खुणा पाहतो. मोजणीच्या नकाशावर प्रत्येक दगडाची जागा दाखविलेली असते. ही हद्द कोणत्याच नकाशात नव्हती. ती आबांच्या एकट्याच्या स्मरणात होती.

टिपलेले बोलणे मी समितीपुढे ठेवले. काहींना वाईट वाटले. काही म्हणाले, शुभकार्याच्या वेळी जुने कशाला उकरायचे, तेवढा भाग पुसून टाका. त्यांचा हेतू वाईट नव्हता. गावात आज एकोपा आहे, त्याला धक्का नको, एवढीच त्यांची काळजी होती. मी म्हणालो, पुसायचे की ठेवायचे हे ज्यांनी सांगितले त्यांना विचारू. आम्ही तिघे जण आबांकडे गेलो. आबा म्हणाले, "दगूड ठेवा, न्हाईतर फोडा. माझी नातवंडं आता गाभाऱ्यात जात्यात, माझी काय तक्रार न्हाई. पर मी सांगितलं ते खरं हाय. इतक्या वर्सांत कुणी इचारलंच नव्हतं, तू इचारलंस म्हणून सांगितलं."

बोलणे जसेच्या तसे ठेवले आहे. दगड फोडला नाही, दीपमाळेच्या कट्ट्याला तो बसवून घेतला आहे. काल कलशारोहणाच्या वेळी आबा आपल्या नातीसह सभामंडपात पुढच्या रांगेत बसले होते, हे आपण पाहिलेच. सगळ्यांचे समाधान झाले असे मी म्हणत नाही. पण देवाच्या दारी अर्धी गोष्ट सांगावी आणि अर्धी झाकावी, हे मला पटले नाही. गावाने जे चांगले केले त्याचा अभिमान वाटावा अशी इच्छा असेल, तर गावाने जे चुकून केले तेही ऐकून घेण्याची तयारी हवी. तेव्हाच पुढची पिढी आपल्या चांगल्या गोष्टींवर विश्वास ठेवील.

हा काही नवा छंद नव्हे. मराठी भाषेचा पहिला मोठा गद्यग्रंथ लीळाचरित्र, तो कसा झाला? चक्रधरस्वामी निघून गेल्यावर तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी, ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले-ऐकले होते त्यांना गाठले, त्यांच्या तोंडून आठवणी ऐकल्या, नागदेवाचार्यांना विचारून त्या ताडून पाहिल्या आणि लिहून ठेवल्या. त्यांत थोरामोठ्यांच्या आठवणी आहेत, तशा साध्या बायाबापड्यांच्याही आहेत. स्वामी काय जेवले, कोठे बसले, कोणाला काय बोलले, हे आज सातशेहून अधिक वर्षांनी आपल्याला वाचावयास मिळते, ते एका माणसाने वेळेवर जाऊन विचारले म्हणून. म्हाइंभटांनी 'या रविवारी जाऊ' म्हटले असते तर?

अलीकडचे उदाहरण द्यायचे तर आपल्या सांगली जिल्ह्यात जन्मलेल्या डॉ. सरोजिनी बाबर यांचे. राज्याच्या लोकसाहित्य समितीचे काम त्यांनी वर्षानुवर्षे पाहिले आणि खेड्यापाड्यांतली गाणी, उखाणे, कहाण्या पुस्तकरूपाने जपल्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइतवां यांनी मुळशी-मावळच्या डोंगरातून आरंभ करून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून अधिक गावे आणि एक लाखाहून अधिक ओव्या, एवढा तो संग्रह झाला. त्यांतल्या बऱ्याच ओव्या बायकांच्याच आवाजात ध्वनिफितींवर घेतलेल्या आहेत. ते दोघेही आज हयात नाहीत, परंतु त्यांचा संग्रह 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहालयाने सांभाळला आहे आणि घरबसल्या फोनवर ऐकता येतो. मला त्यांतली एक गोष्ट फार आवडली. ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचे नाव आणि तिचे गाव नोंदविलेले आहे. 'एक खेडवळ बाई' असे लिहून त्यांनी ती वाऱ्यावर सोडली नाही.

आता हे काम आपण कसे करावे, याविषयी अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो. तरुण मंडळींनी कृपया लक्ष द्यावे.

पहिली गोष्ट, परवानगी. आपण बोलणे टिपून घेणार आहोत, ते कोण ऐकणार आहे, हे आधी स्पष्ट सांगावे आणि त्यांचा होकार त्यांच्याच आवाजात घ्यावा. एखादी गोष्ट 'माझ्या माघारी ऐकवा' असे कोणी म्हणाले तर ती बंद ठेवावी. चोरून टिपू नये आणि टिपलेले गटागटांवर फिरवू नये. म्हाताऱ्या माणसाची आठवण ही करमणुकीची वस्तू नव्हे.

दुसरी गोष्ट, आरंभीच नोंद. तारीख, ठिकाण, सांगणाऱ्याचे पूर्ण नाव, अंदाजे वय, बाई असेल तर माहेरचे नाव व गाव, आणि विचारणाऱ्याचे नाव, हे स्वतः मोठ्याने बोलावे. नुसता आवाज राहिला आणि तो कोणाचा हे कळले नाही, तर पन्नास वर्षांनी त्याचा काय उपयोग? बिनतारखेचा अर्ज जसा निकाली निघत नाही तसेच हे.

तिसरी गोष्ट, विचारण्याची रीत. "दुष्काळ कसा होता?" असे विचारले तर "लई वाईट" एवढेच उत्तर येते. त्याऐवजी विचारा, त्या दिवसांत सकाळी उठल्यावर पहिले काम काय असे? पाणी कोठून आणत? चुलीवर काय शिजे? घरात कोण कोण होते? मग बोलणे आपोआप उघडते. माणूस थांबला तर लगेच दुसरा प्रश्न विचारू नका. थोडे थांबा. पुष्कळदा त्या थांबण्यानंतरच खरी गोष्ट येते. बायकांशी बोलताना शक्यतो मुलीने किंवा सुनेने बोलावे आणि घरातल्या कर्त्या पुरुषांनी त्या वेळी चहा घ्यायला चावडीकडे जावे. नाहीतर उत्तरे तेच देतात.

एक सूचना कचेरीचा माणूस म्हणून देतो. बांधाचा विषय काढू नका. बांधाचा विषय निघाला की मुलाखत संपते आणि भांडण सुरू होते. त्यासाठी मोजणी खाते आहे.

चौथी गोष्ट, जतन. एका फोनवर ठेवलेले म्हणजे ठेवलेले नव्हे. फोन हरवतो, पाण्यात पडतो, पोर त्यातले पुसून टाकते. टिपताना फोनची रिंग बंद करा, पंखा बंद करा, कुत्रे भुंकत असेल तर थोडे थांबा. त्याच दिवशी दोन नकला करा. एक आपल्या वाचनालयाच्या संगणकात आणि एक गावाबाहेर राहणाऱ्या कोणा आप्ताकडे. शिवाय वाचनालयात एक जाड वही ठेविली आहे. तिच्यात प्रत्येक मुलाखतीतले विषय कितव्या मिनिटाला आले ते लिहावे. यंत्रे बदलतात. एके काळी ज्या कॅसेटवर आपण भजने भरली त्या वाजविण्याचे यंत्रही आज घरात सापडत नाही. वही मात्र उघडली की वाचता येते.

गलाईच्या धंद्यावर गेलेल्या बांधवांना माझी विशेष विनंती आहे. आपले वाडवडील सोन्या-चांदीची भट्टी घेऊन अनोळखी मुलखात गेले, तिथली भाषा शिकले, तिथे दुकाने मांडली आणि गावच्या जत्रेला न चुकता परत आले. या मंदिरासाठी आलेल्या देणग्यांत तुमचा वाटा मोठा आहे. पण तुमच्या आजोबांनी पहिली गाडी कोणती धरली, पहिली रात्र कोठे काढली, हे गावाला माहीत नाही. तेही सांगा. देणगीच्या पावतीबरोबर ती हकीकतही गावाच्या दप्तरी जमा होऊ द्या.

शेवटी एकच हिशेब मांडतो आणि थांबतो. या कामास आरंभ केला त्या दिवशी मी गावातल्या पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसांची यादी केली. एकेचाळीस नावे झाली. आज त्या यादीत छत्तीस नावे उरली आहेत. जे पाच गेले त्यांतल्या दोघांचेच बोलणे टिपून झाले होते. तिघांकडे जायचे राहिले. त्यांतले एक तर माझ्या घरासमोरच राहत होते. त्यांच्या ओसरीवरून मी रोज सायकल काढीत असे.

मंदिराचा जीर्णोद्धार आपण वेळेवर केला. आणखी दहा वर्षे थांबलो असतो तरी, भिंती पडल्या असत्या, पण पुन्हा बांधता आल्या असत्या. माणसाच्या आठवणीचा जीर्णोद्धार मागाहून करता येत नाही. तो माणूस समोर बसलेला असतानाच करावा लागतो. म्हणून माझी प्रत्येक घराला हात जोडून विनंती आहे, पुढच्या जत्रेपर्यंत आपल्या घरातल्या निदान एका वडीलधाऱ्या माणसाजवळ एक तास बसा. आज संध्याकाळी महाप्रसाद झाल्यावर बसलात तरी चालेल. काय विचारावे हे सुचले नाही तर एवढेच विचारा, "तुम्ही या देवळात पहिल्यांदा आलात तेव्हा किती मोठे होता, आणि कोणाचे बोट धरून आला होता?" पुढचे ते सांगतील.

माझ्या बोलण्यात काही अधिक-उणे झाले असेल, कोणाचे मन दुखावले असेल, तर गावचा लेक समजून क्षमा करावी. 

भैरवनाथाच्या नावानं चांगभलं!